आपल्या भिंतीतल्या विटा

बालवाडीची खोली बांधून झाली, उद्घाटनाची प्रार्थना झाली, पेढे वाटले, आणि त्याच हिवाळ्यात त्या खोलीत बसायला मुलं उरली नाहीत. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत वाडी रिकामी झाली. मागे राहिल्या दोन-तीन म्हाताऱ्या, काही कोंबड्या आणि नुकताच काळा रंग दिलेला फळा. ही गोष्ट २०१८ सालची. आपल्या पत्रिकेत त्या खोलीचा फोटो छापून आला होता, काही वाचकांना आठवत असेल. फोटोतली मुलं उद्घाटनाच्या दिवशीची होती.

जानेवारीत मी त्यांना शोधत एका वीटभट्टीवर गेलो. मुलं तिथंच होती. सहा-सात वर्षांची एक पोर उन्हात मांडलेल्या कच्च्या विटा एकेक करून कुशीवर वळवत होती, दुसरी बाजू वाळावी म्हणून. तिच्या आईशी बोलायला मी भाजलेल्या विटांच्या थप्पीवर टेकलो, तेव्हा विटेच्या खाचेत उमटलेली दोन अक्षरं दिसली. प्रत्येक भट्टीवाल्याच्या साच्यात अशी अक्षरं असतात. हीच दोन अक्षरं आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर होती. पैसे संपल्यामुळे त्या भिंतीला गिलावा झाला नव्हता, म्हणून अक्षरं उघडी राहिली होती. मंडळ्यांच्या दानातून आम्ही ज्या मुलांसाठी खोली बांधली, त्याच मुलांच्या हातच्या विटांनी ती बांधली होती. आणि त्या विटा थापायला गेल्यामुळेच ती मुलं खोलीत नव्हती.

हल्ली मंडळ्यांमधून पुष्कळ जण विचारतात, 'आम्ही नव्या सभागृहावर सौर दिवे बसवले, पावसाचं पाणी टाकीत सोडलं, हे पर्यावरणाला धरून झालं ना?' झालं, चांगलंच झालं. पण दिवे शेवटी बसतात. इमारतीचं बरंवाईट त्याआधी विटा, सिमेंट, रेती आणि मजूर यांत ठरून गेलेलं असतं. या अंकात त्याबद्दल लिहावं असं संपादकांनी सुचवलं. आम्ही आमच्याच चुकांतून जे शिकलो ते मांडतो. मी इंजिनियर नाही. धर्मशास्त्राची पदविका घेतलेला कार्यकर्ता आहे, आणि चुना कसा विझवतात हे मला पस्तिशीत एका गवंड्याने शिकवलं.

आधी भट्टीचं गणित समजून घेऊ. रायगडातले कातकरी बहुतेक भूमिहीन. पावसाळ्यात भातशेतीत मजुरी मिळते, खाडीत मासे-खेकडे मिळतात, रानात भाजी मिळते. भाद्रपद-आश्विनात हात रिकामा होतो. नेमका तेव्हाच मुकादम उचल घेऊन येतो. आजारपण, लग्न, घराची डागडुजी, काहीतरी निमित्त असतंच. उचल घेतली की दिवाळीनंतर नवरा-बायकोची 'जोडी' भट्टीवर जाते, पोरांसकट. दर आठवड्याला जेवणापुरती खर्ची मिळते आणि हिशोब होतो तो वैशाखात, पावसाच्या तोंडावर. हजार विटांमागे ठरलेला दर, त्यातून उचल वजा, खर्ची वजा, पावसात भिजून मोडलेल्या विटा वजा. कित्येक जोड्यांच्या नावावर शेवटी काहीतरी देणंच राहतं आणि पुढच्या वर्षीही तीच भट्टी ठरते. उचलीच्या बदल्यात माणसाला असं बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पण देणं लिहिलेली वही मालकाकडे असते आणि ज्याच्या नावावर देणं आहे त्याला ती वाचता येत नाही.

मातीचंही ऐकावं. विटेला चिकण माती लागते आणि ती भातखाचराच्या वरच्या थरातली असते. शेतकरी दोन पैसे मिळतात म्हणून फूटभर माती विकतो. पुढची काही वर्षं त्या खाचरात भात नीट पिकत नाही, आणि त्याच खाचरातली लावणी-कापणीची मजुरी कातकऱ्याला मिळणारी असते. भट्टी रचली की तिच्यात दगडी कोळसा आणि भाताचं तूस घालून पेटवतात, ती कित्येक दिवस धुमसत राहते. तिच्याच बाजूला विटा रचून केलेल्या कमरेइतक्या खोपट्यांत माणसं झोपतात. मुलांचा खोकला मार्चपर्यंत जात नाही.

एक जोडी पोरांच्या मदतीने दिवसाला साधारण हजार विटा थापते. आमची खोली वीस फूट बाय बारा फुटांची, भिंती नऊ इंची आणि दहा फूट उंच. दारं-खिडक्या सोडून तिला सहा हजारांच्या आसपास विटा लागल्या. म्हणजे एका कुटुंबाचे सहा दिवस. हिशोब करून पाहिला तेव्हा मला निर्गमाचा पाचवा अध्याय आठवला. फारोने इस्राएल लोकांना पेंढा द्यायचा बंद केला, पण विटांचा ठरलेला आकडा मात्र कमी केला नाही, तो अध्याय. शब्बाथ शाळेत शिकवताना मी नेहमी फारोवर बोललो होतो. त्या विटांनी जी नगरं उभी राहिली, त्यांत कोण राहायला गेलं, याचा विचार कधी केला नव्हता.

आता छपराकडे येतो. पहिल्या खोलीवर आम्ही सिमेंटचे पत्रे टाकले होते, कारण ते स्वस्त आणि दोन दिवसांत होतात. एप्रिलमध्ये आत बसवत नसे, मुलं बाहेर आंब्याखाली बसायची. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने. त्या दिवशी वाडीतलं एकही छप्पर जागेवर राहिलं नाही, आमचंही. पत्र्यांचे तुकडे सगळ्या वाडीभर उडाले. अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. मुलं ते तुकडे गोळा करून खेळत होती. ते थांबवायला आम्हाला आठ दिवस लागले, कारण बाकीची कामं जास्त तातडीची वाटत होती. ही चूक मी लपवत नाही.

कौलंसुद्धा उडाली, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण कौलारू घरातली पन्नास-शंभर कौलं फुटली तर तेवढीच बदलता येतात. पत्रा तडकला की अख्खा बदलावा लागतो. वादळानंतर आम्ही गावागावांत फिरून पाहिलं की टिकलं काय. चारही बाजूंना उतरणारं चौपाखी छप्पर दोनपाखीपेक्षा पुष्कळ ठिकाणी तगलं होतं, कारण त्याला वाऱ्याच्या तोंडावर उभी त्रिकोणी भिंत नसते. पडवीचं छप्पर मुख्य छपराला अखंड जोडलेलं असेल तिथं वारा पडवीखाली शिरला आणि सगळंच उचलून घेऊन गेला. पडवी वेगळी होती तिथं पडवी गेली, घर राहिलं. जुन्या कोकणी सुतारांना हे ठाऊक होतं. आम्हीच विसरलो होतो.

कौलाच्या बाबतीत मंडळीच्या लोकांना एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो ते मिशनच्या कारखान्यातून आलेलं आहे. बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळुरात हा कारखाना सुरू केला. ख्रिस्ती झाल्यामुळे जातीतून आणि धंद्यातून बाहेर पडलेल्यांना काम मिळावं, हा त्यामागचा विचार होता. एकमेकांत अडकणारं ते चपटं कौल पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. छप्पर आणि रोजगार हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायचा विचार आपल्यापैकी कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी केला होता.

दुसरं नाव लॉरी बेकर यांचं. बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली जन्मलेले हे वास्तुशिल्पकार क्वेकर पंथाचे होते. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये शुश्रूषा पथकात काम करून मायदेशी परतताना ते जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबले, आणि तिथं त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घराचं सगळं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर धरून ठेवला. १९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांमध्ये काम करणाऱ्या मिशनसाठी भारतात आले, पुढे केरळात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि २००७ साली इथंच वारले. गरिबाचं घर स्वस्त म्हणजे कुरूप किंवा कच्चं असायचं कारण नाही, हे त्यांनी शेकडो घरं बांधून दाखवलं.

त्यांच्या दोन युक्त्या आम्ही वापरल्या. पहिली रॅट ट्रॅप पद्धतीची भिंत. नेहमी वीट आडवी बसवतात. इथं ती काठावर उभी करायची, दोन उभ्या विटांमध्ये पोकळी ठेवायची आणि ठरावीक अंतराने आडवी वीट घालून दोन्ही बाजू बांधून घ्यायच्या. जाडी नऊ इंचच राहते, पण विटा जवळजवळ पाव हिश्शाने कमी लागतात आणि सिमेंटचा मालही वाचतो. आतल्या हवेमुळे ऊन लवकर आत येत नाही. आमच्या खोलीच्या आकाराला यात दीड हजार विटा वाचल्या असत्या. दुसरी युक्ती स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं भार घेत नाही, तिथलं काम सळई करते. मग सळयांच्या चौकटीत जुनी कौलं जोडीने बसवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. काँक्रीट वाचतं आणि खोली कमी तापते. हे मात्र जाणकाराने आखून दिल्याशिवाय करू नये.

सिमेंटचं एवढं लावून धरायचं कारण काय? चुनखडीचा दगड साधारण १४५० अंशांपर्यंत तापवून सिमेंट होतं. त्यात इंधनाचा धूर असतोच, शिवाय खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगभरातल्या या वायूच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. तापणारा समुद्र आणि वाढती वादळं यांचा हिशोब मांडायला बसलं तर ते आमच्या वाडीच्या छपरापर्यंत येतं. सुदैवाने पर्याय दूर नाही. धरमतरच्या खाडीकाठी डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. तिथल्या भट्टीतून निघणारी मळी दळून स्लॅग सिमेंट तयार होतं. यात साध्या सिमेंटचा मोठा हिस्सा मळीने भरून निघतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजण्याला ते जास्त दाद देत नाही. किनाऱ्यावर बांधणाऱ्या प्रत्येकाने दुकानात गोणीवरचा प्रकार वाचून हेच मागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक पथ्य पाळावं लागतं. ते सावकाश पक्कं होतं, म्हणून पाणी जास्त दिवस मारायचं. गवंडी कुरकुरतात. ऐकू नये. खाडीतली रेती मात्र स्वस्त मिळाली तरी सळईच्या कामात घेऊ नये. खार आतून सळई खातो आणि पाच-सात वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात.

वादळानंतर दुसरी खोली आम्ही या रीतीने बांधायला घेतली. जोतं चिऱ्याचं केलं. जांभ्या दगडाचा चिरा खाणीतून कापून निघतो, भाजावा लागत नाही, उलट हवा लागली की घट्ट होतो. खाणीचे उघडे खड्डे हा त्याचाही दोष आहेच, म्हणून तो जोत्यापुरताच. भिंत रॅट ट्रॅपची ठरली. गवंडीकाकांनी पहिल्या दिवशी मान डोलावली आणि संध्याकाळी पाहतो तर सगळ्या पोकळ्या मालाने भरून टाकलेल्या. 'पोकळ भिंत मुलांवर पडली तर माझं नाव जाईल,' असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी खरी होती. तीन थर उतरवले, जाणकाराला बोलावलं, कोपऱ्यात आणि दाराच्या बगलेला भरीव काम करून घेतलं, खिडक्यांवर सळईचा पट्टा चारही भिंतींवरून फिरवला. मग काकांची खात्री पटली. तरी पहिल्या पावसात पश्चिमेची भिंत ओलसर झाली. कोकणातल्या आडव्या पावसात ती बाजू उघडी ठेवायची नव्हती. पुढच्या वर्षी तिला गिलावा केला आणि पागोळ्या दीड फूट पुढे काढल्या.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कारवीचा कूड घाला की. कारवीच्या काठ्या, वरून शेणमातीचा लेप, इतकं स्वस्त आणि निसर्गाला धरून दुसरं काय आहे? मीही एकदा उत्साहाने वाडीत तसं म्हणालो होतो. एक आजी हसली आणि म्हणाली, 'तू राहा की कुडात. उंदीर, साप, दरसाली लिंपण. माझ्या सुनेला पक्कं घर पाहिजे.' त्यानंतर कारवीवर भाषण देणं मी सोडलं. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या निसर्गाला धरून घरं बांधली, त्यांनाच आता त्याची शिकवण द्यायची, आणि आपण स्वतः मात्र टाइल्स बसवलेल्या घरात राहायचं, हे बरं नव्हे. पक्कं घर हवं ही त्यांची इच्छा योग्य आहे. ते कमी ओझ्याचं कसं होईल, एवढंच आपण पाहायचं.

त्याहून अवघड प्रश्न जमिनीचा. अनेक कातकरीवाड्या खाजगी मालकीच्या जागेवर वसलेल्या आहेत, कुणाच्या आजोबाने मजूर हाताशी राहावेत म्हणून वसवलेल्या. गावठाण म्हणून त्यांची नोंद नाही. जमिनींचे भाव चढले की कुंपण पडतं. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड आणि ठाण्यातल्या अशा वाड्यांवर २०१३ साली एक पुस्तकच लिहिलं आहे. जिथून उद्या उठवलं जाऊ शकतं तिथं कोण चिऱ्याचं जोतं घालेल? आता १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत महाराष्ट्रातल्या तिन्ही आदिम जमातींना, म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंडांना, घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. पैसा हप्त्याने येतो, आणि हप्ता येण्याआधी ठेकेदार येतो. तो सगळ्या घरांचं एकदम काम घेतो, एकाच मापाचे खोके उभे करतो, सही मात्र लाभार्थ्याची. म्हणून आमचे कार्यकर्ते सध्या कागदपत्रांच्या मागे जास्त आहेत. जागेची नोंद, जातीचा दाखला, बँकेचं खातं. यात चार महिने गेले तर ते वाया गेले असं समजू नये, अशी देणगीदारांना विनंती.

शेवटी तोच प्रश्न, जो मला भट्टीवरच्या त्या आईने विचारला होता. मी तिला उत्साहाने सांगत होतो की आम्ही आता विटा कमी वापरणार, राखेच्या विटा घेणार. १९९९ च्या अधिसूचनेपासून औष्णिक वीजकेंद्रांजवळ राख वापरण्याची सक्ती आहे, त्या विटा यंत्रावर होतात, भाजाव्या लागत नाहीत, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग आमी काय करायचं?'

याला सोपं उत्तर नाही. भट्टीचं काम टिकवून धरण्याजोगं नाही, असं माझं मत आहे. पण पर्याय हातात न देता ते काढून घेणं म्हणजे उपाशी मारणं. आम्ही दोन गोष्टी करतो आहोत. वीट घ्यावी लागली तर भट्टीवर स्वतः जातो. मजुरांना हिशोबाची चिठ्ठी मिळते का, मुलं काम करतात का आणि शाळेत जातात का, उचल कशी फेडून घेतात, हे विचारतो. उत्तर टाळणाऱ्याकडून घेत नाही, चार पैसे जास्त पडले तरी. यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात शेजाऱ्याला मजुरी न देता घर बांधणाऱ्या राजाला जे सुनावलं आहे, ते बांधकामाच्या पावत्या तपासणाऱ्या प्रत्येक मंडळी-कमिटीने एकदा वाचावं.

दुसरी गोष्ट गवंडीकामाची. ज्यांच्या हाताने विटा थापल्या जातात त्यांच्या हातात थापी का येऊ नये? घरकुल योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, प्रत्यक्ष घर बांधता बांधता शिकायचं. वाडीतल्या चौघांनी ते पूर्ण केलं, त्यात एक बाई आहे. गंमत म्हणजे रॅट ट्रॅपची वीट काठावर तोलून बसवण्यात तिचा हात सगळ्यांत चांगला. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलं की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होऊ शकते, तिचीही झाली. गेल्या दिवाळीनंतर तिचं कुटुंब भट्टीवर गेलं नाही. बाकी तिघांपैकी दोघे पुन्हा गेले, कारण जुनी उचल फिटली नव्हती. तिची मुलगी आता दुसरीत आहे, आणि मागच्या भिंतीवरची ती अक्षरं तिला वाचता येतात.

यंदा पावसाआधी वाडीत तीन घरांची छपरं घालायची आहेत. नवी कौलं महाग आहेत आणि ती पुन्हा भट्टीतूनच येतात, म्हणून आम्ही जुनी जमवतो. आपल्या मंडळीत कुणाचं जुनं घर पाडायचं असेल तर मंगलोरी कौलं, सागाचे वासे, दारं-खिडक्यांच्या चौकटी भंगारात देण्याआधी कार्यालयात कळवावं. कौलं उतरवायला आमची माणसं येतील. अर्धी फुटकी असली तरी चालतील, त्यांचे तुकडे जोत्यात भरीला घालतो. मे महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत कळवलं तर टेम्पो एकाच फेरीत आणता येईल.